चंद्रशिलेचे वय

चांद्रयान-३ हे २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडील प्रदेशात सुखरूप उतरले, तेव्हा देशभर आनंदोत्सव झाला व तो यथोचितच होता. परंतु त्यातील ‘प्रज्ञान’ गाडीने सुमारे १०३ मीटरांच्या वाटचालीत २३ ठिकाणी मातीची जी रासायनिक परीक्षा केली, तिचे निष्कर्ष वर्षभराने प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यांची वास्तपुस्त कितीजणांनी केली? वस्तुतः मोहिमेचे खरे फलित तेच होय.

त्या मातीचा मुख्य घटक अ‍ॅनॉर्थोसाइट आहे. कॅल्शियम व अ‍ॅल्युमिनियम असलेल्या फेल्डस्पार या खनिजाचाच जवळजवळ सर्वस्वी बनलेला हा फिकट खडक. अपोलो-११ ने १९६९ साली आणलेल्या मातीत त्याचे थोडेसे पांढरे कण होते. जेथे सर्वत्र काळा बेसाल्ट, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या पाषाणाचाच भाऊबंद, तेथे हे परके कण आले कोठून? उंचवट्याच्या प्रदेशातून उडून आले, असे जॉन वुड प्रभृतींनी अनुमान केले. आणि त्यावरून, आरंभी चंद्रावर शिलारसाचा सागर होता, असा धाडसी सिद्धांत मांडला. तो सागर थंडावताना ऑलिव्हीन, पायरोक्सीन ही जड खनिजे तळाशी गेली आणि हलके फेल्डस्पार, दुधावर साय धरावी तसे, वर येऊन त्याचे कवच झाले. १९७१ मध्ये अपोलो-१५ च्या अंतराळवीरांना सापडलेला ‘जेनेसिस’ खडक याच जातीचा. तोच खडक दूर दक्षिणेसही आढळावा, ही त्या सिद्धांताला मिळालेली मोठीच पुष्टी होय.

मात्र हा सागर थिजला केव्हा, हा वाद मिटलेला नाही. सूर्यमालेचे वय सुमारे ४५७ कोटी वर्षे. अपोलो-१६ ने आणलेल्या एका अ‍ॅनॉर्थोसाइटचे वय २०११ साली ४३६ कोटी वर्षे भरले. म्हणजे एक तर चंद्रच उशिरा जन्मला, किंवा सागर दीर्घकाळ तप्त राहिला, किंवा तो खडक मूळ कवचाचा नव्हेच! पृथ्वीने आपले आद्य कवच केव्हाच गिळून टाकले असल्याने तिच्याकडे विचारणा करून उपयोग नाही.

असे वय गाडीवरील यंत्राने ठरत नाही. त्यासाठी दगड प्रयोगशाळेतच आणावा लागतो. चंद्रावरील नमुने आणणाऱ्या चांद्रयान-४ साठी केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये २,१०४ कोटी रुपये मंजूर केले, ते म्हणूनच आम्ही अनाठायी मानीत नाही. आमची चिंता निराळीच आहे. यान परतेल, मिरवणुका निघतील. पण त्या चिमूटभर मातीतून एकेक कण वेचून त्याचे वय काढणारी माणसे व उपकरणे त्या दिवशी सज्ज असतील काय? त्यांची तरतूद उड्डाणानंतर नव्हे, आजच व्हावयास हवी.

आणखी एक गोष्ट. अपोलोचे नमुने अमेरिकेने परदेशी शास्त्रज्ञांनाही दिले होते आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील देवेंद्र लाल यांच्या गटाने त्यांवर मोलाचे काम केले. आपल्या हाती येणारे नमुनेही देशातील विद्यापीठांना आणि परक्या अभ्यासकांना तितक्याच मोकळेपणाने मिळाले पाहिजेत. त्याचे नियम यान निघण्यापूर्वीच शासनाने जाहीर करावेत.