मातीची पट्टी आणि पदवी

सांगलीतल्या विश्रामबागेहून मिरज हाकेच्या अंतरावर. डॉ. वॉनलेस यांनी १८९४ मध्ये तिथं मिशन हॉस्पिटल उभारलं, तेव्हापासून या पट्ट्याचा ऑपरेशनवर पक्का भरवसा. निसर्गोपचाराचा विषय निघाला की ‘पैसेवाल्यांची चैन’ असा शेरा इथं सहज ऐकू येतो.

इतिहास उलटं सांगतो. पुण्यात डॉ. दिनशा मेहतांचं केंद्र नावारूपाला आलं होतं. गांधीजी तिथं राहिले, १९४५ मध्ये निसर्गोपचार ट्रस्टचे अध्यक्षही झाले. पण शहरातलं केंद्र गरिबांच्या कामी येणार नाही हे ध्यानात येताच मार्च १९४६ मध्ये त्यांनी उरुळी कांचन गाठलं. खेडुतांना कटिस्नान आणि आहार सांगितला आणि पुढचं काम मणिभाई देसाईंवर सोपवलं. याला चैन म्हणणं अन्यायाचं आहे.

दुसरा गैरसमज समर्थकांचा, आणि तो जास्त घातक: ‘नैसर्गिक आहे, अपाय कसला? शिकायचं तरी काय? जलोपचार रुजवणाऱ्यांपैकी प्रिस्निट्झ शेतकरी होता, क्नाइप धर्मगुरू!’ खरं आहे. पण क्नाइपचाच अनुयायी बेनेडिक्ट लस्ट यानं न्यूयॉर्कमध्ये शाळा काढली, ती शिक्षणाची गरज पटली म्हणूनच. आणि मातीच्या पट्टीचे कट्टर पुरस्कर्ते गांधीजी? जानेवारी १९२४ मध्ये अपेंडिक्स बळावलं, तेव्हा ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी त्यांचं ऑपरेशन केलं.

पट्टीची कृती सोपी. वरचा थर काढून खालची, खत-औषध न लागलेली माती घ्यायची; वाळवून, चाळून, भिजवून, कापडात घडी करून रिकाम्या पोटी ओटीपोटावर ठेवायची. हे कुणीही शिकेल. पण मधुमेहाच्या गोळ्या चालू असलेल्याला उपास घडवला तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. हृदयरोग्याला बाष्पस्नान सोसेलच असं नाही. टाइप वन मधुमेह्याचं इन्सुलिन बंद केलं तर जीवच जातो! कुणाला काय द्यायचं नाही, हे कळायला शरीररचना आणि विकृतिशास्त्र शिकावं लागतं. निसर्गोपचार आणि योग यांच्या बीएनवायएस या पदवीचा साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम त्यासाठीच आहे.

शेजारच्या कर्नाटकात उजिरेला ही पदवी १९८९ पासून शिकवली जाते. तरीही भारतीय वैद्यक पद्धतींच्या २०२० च्या राष्ट्रीय आयोग कायद्यात आयुर्वेद, युनानी, सिद्ध, सोवा-रिग्पा आले आणि निसर्गोपचार बाहेर राहिला. तो आत घ्यायलाच हवा. निसर्गोपचारकांची देशभर एकच नोंदवही झाली, तर विश्रामबागेतल्या रुग्णालाही दारावरच्या पाटीमागची पदवी पडताळून घेता येईल.