भेगेतला उंदीर आणि खाडीतला खेकडा

यवतमाळच्या वावरातला उंदीर आणि ठाण्याच्या खाडीतला खेकडा यांची बरोबरी सहसा कोणी करत नाही. एक सस्तन, दुसऱ्याला पाठीचा कणाच नाही. पण दोघेही जमिनीच्या पोटात राहतात आणि दोघांच्याही दारात पाणी येतं. फरक आहे तो पाणी येण्याच्या वेळेत.

खाडीच्या चिखलात एकच नांगी भलीमोठी असलेला छोटा नर खेकडा दिसतो. भरती साधारण 12 तास 25 मिनिटांनी परतते. ती यायच्या आत तो चिखलाच्या गोळ्यानं बिळाचं तोंड बुजवतो आणि आतल्या हवेवर वेळ काढतो. त्याला प्रयोगशाळेत समुद्रापासून दूर ठेवलं, तरी काही दिवस त्याच्या हालचालीत भरती-ओहोटीची लय टिकून राहते.

उंदराला असं घड्याळ मिळालेलं नाही. उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळते आणि मऊ केसांचा शेतउंदीर अनेकदा त्या भेगांतच संसार मांडतो. पहिला दमदार पाऊस झाला की माती फुगते, भेगा मिटतात, आतले कित्येक उंदीर मरतात. वॉल्टर इलियट या ब्रिटिश अधिकाऱ्यानं दक्षिण मराठा मुलखात हे नोंदवून ठेवलं आहे. 1826 साली सुरुवातीचा पाऊस तुटपुंजा झाला, तेव्हा हे उंदीर अफाट वाढले. पेरलेलं बी त्यांनी खाल्लं, पुढे ज्वारीच्या ताटांवर चढून कणसंही कुरतडली.

मृग कोरडा गेला की आपल्याकडे दुबार पेरणीची धास्ती असते. जी उघडीप शेतकऱ्याचं बियाणं जाळते, तीच भेगेतल्या उंदराला जगवते. हे संकट जोडीनं येतं, म्हणून त्याची तयारी पेरणीआधीच हवी.

मग धावपळीत विष कालवलं जातं. 2017 मध्ये फवारणीच्या विषबाधेनं यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यानंतर विषाचा आणखी एक डबा घरात आणताना हात थांबायला हवा. विषानं मेलेला उंदीर खाऊन घुबडही मरू शकतं, म्हणजे उंदरांचा राखणदारच जातो.

एकट्यानं बंदोबस्त केला तर शेजारच्या वावरातले उंदीर काही दिवसांत येतात. म्हणून मे महिन्यातच अख्ख्या शिवारानं मिळून धुरे तपासावेत, बिळं उकरावीत, सापळे लावावेत. पिंगळ्याला, गव्हाणी घुबडाला बसायला काठ्या रोवाव्यात, धुऱ्यावरची जुनी झाडं राखावीत. ग्रामसभेनं हा विषय यंदा बियाण्याच्या चर्चेआधी घ्यावा.