टाके निघाले, पुढे काय?

हर्नियाचं ऑपरेशन आता कुणाला नवलाचं राहिलेलं नाही. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या औंधसारख्या गावातही जांघेत नाहीतर बेंबीजवळ जाळी बसवलेली माणसं गल्लोगल्ली भेटतात. भूल सुधारली, जखमा लहान झाल्या, रुग्ण एक-दोन दिवसांत घरी येऊ लागला. पण घरी आलेल्या माणसानं पुन्हा कामाला कसं लागायचं, हे त्याला कुणी नीट सांगत नाही. माझं स्पष्ट मत आहे की हे सांगणं उपचाराचाच भाग आहे. ते लेखी मिळालं पाहिजे, मराठीत मिळालं पाहिजे आणि त्या माणसाच्या रोजच्या कामाला धरून मिळालं पाहिजे.

मी या भागातल्या शाळेत व्यायामशिक्षक होतो. निवृत्तीनंतर उजव्या जांघेत गाठ दिसू लागली. खोकलं की वर यायची, आडवं झालं की आत जायची. ऑपरेशन उत्तम झालं, त्याबद्दल तक्रार नाही. पण घरी सोडताना हातात पडलेला कागद इंग्रजीत होता. औषधांची नावं आणि शेवटी एक ओळ : जड वजन उचलू नये. जड म्हणजे किती किलो? किती दिवस? पाण्याची बादली चालेल का? नातवाला कडेवर घ्यायचं का? मोटारसायकल? सूर्यनमस्कार? त्या ओळीत यातलं काहीच नव्हतं.

मग उत्तरं गावानं दिली. कुणी म्हणालं, तीन महिने अंथरूण सोडू नका. कुणी म्हणालं, मास्तर, आता जन्मभर वाकायचं नाही. तालमीतल्या जुन्या सोबत्यांनी लंगोट घट्ट बांधायला सांगितलं. सगळ्यांची माया खरी होती, पण प्रत्येकाचा सल्ला वेगळा होता.

माझ्या शेजारच्या खाटेवर आमच्याच खटाव तालुक्यातला एक हमाल होता. ऑपरेशन तेच, कागद तोच, ओळही तीच. टाके निघाले आणि तो बटाट्याच्या पोत्यांखाली परत गेला, कारण घरात दुसरा रोज येत नव्हता. एकाच ओळीनं आम्हा दोघांचंही नुकसान केलं. पेन्शन असणारा भीतीपोटी निजून राहतो आणि हातावर पोट असणारा नाइलाजानं लवकर ओझं उचलतो. या दोन टोकांच्या मधला रस्ता दाखवायचं काम कुणाचंच नाही, असं आज चित्र आहे.

ऑपरेशन सुधारण्यासाठी आणि गरिबाच्या आवाक्यात आणण्यासाठी केवढी मेहनत झाली आहे, हे पाहिलं म्हणजे ही उणीव जास्तच खटकते. इटलीच्या बासिनी यांनी 1887 मध्ये जांघेची भिंत थर जुळवून शिवायची पद्धत मांडली. अमेरिकेतल्या लिक्टेनस्टाइन यांनी 1980च्या दशकात ताण न देता जाळी बसवण्याची पद्धत रूढ केली आणि हर्निया परत होण्याचं प्रमाण खूप खाली आलं. पुण्याच्या डॉ. मोहन देसर्डा यांनी जाळीऐवजी रुग्णाच्याच शरीरातली पट्टी वापरून भिंत बळकट करण्याची रीत काढली आणि 2001 साली 400 रुग्णांचा अनुभव युरोपातल्या शल्यचिकित्सेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याचे डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी तर मच्छरदाणीच्या कापडाची निर्जंतुक केलेली जाळी वापरून दाखवली. बाजारातली परदेशी जाळी खेड्यातल्या रुग्णाला परवडत नाही, हे त्यांना रोज दिसत होतं. त्यांचा आणि सहकाऱ्यांचा निबंध 2003 मध्ये आला. पुढे युगांडात 302 पुरुषांवर या स्वस्त जाळीची महागड्या जाळीशी रीतसर तुलना झाली. तिचा निष्कर्ष 2016 मध्ये जगापुढे आला : वर्षभरानंतर दोन्हींच्या परिणामांत म्हणण्यासारखा फरक नव्हता.

महाराष्ट्रात 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. म्हणजे पैशाअभावी ऑपरेशन अडू नये, यासाठी दोंडाईच्यापासून मंत्रालयापर्यंत विचार झाला. ऑपरेशननंतरच्या महिन्या-दोन महिन्यांचा विचार मात्र रुग्णावर सोडून दिला. हा काही थोड्या लोकांचा प्रश्न नाही. आयुष्यात कधी ना कधी जांघेचा हर्निया होण्याची शक्यता पुरुषांमध्ये सुमारे 27 टक्के आणि स्त्रियांमध्ये सुमारे 3 टक्के मानली जाते.

वैद्यकशास्त्र याबाबत काय म्हणतं? जगभरातल्या हर्नियातज्ज्ञांनी 2018 साली मिळून मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. गुंतागुंत नसलेल्या जांघेच्या हर्नियाच्या ऑपरेशननंतर हालचालींवर मोठी बंधनं घालण्याची गरज नाही, सोसवेल तसं लवकरात लवकर नेहमीच्या कामाला लागावं, त्यामुळे हर्निया परत होण्याचं प्रमाण वाढत नाही, असं त्यात म्हटलं आहे. आपल्याकडचे बरेच शल्यचिकित्सक अवजड ओझ्यासाठी चार ते सहा आठवडे थांबायला सांगतात. तेही समजण्यासारखं आहे, कारण आपल्याकडे ओझं म्हणजे बाजाराची पिशवी नव्हे. युरियाचं पोतं 45 किलोचं असतं, सिमेंटचं 50 किलोचं. मोठा हर्निया, पोटावरच्या जुन्या ऑपरेशनच्या जागी झालेला हर्निया, दुसऱ्यांदा झालेला हर्निया, यांचा हिशेब वेगळा असतो आणि तो ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनीच सांगायचा असतो. पण 'जन्मभर वाकू नका' याला शास्त्रात कुठंही आधार नाही.

मग नेमकं करायचं काय? चालणं पहिल्याच दिवशी सुरू करायचं असतं. अंथरुणातून सरळ उठून बसू नये. कुशीवर वळावं, पाय खाली सोडावेत आणि हाताचा रेटा देऊन उठावं. खोकला किंवा शिंक आली तर जखमेवर उशी दाबून धरावी. बद्धकोष्ठता होऊ देऊ नये. वेदनेच्या काही गोळ्यांनी पोट बांधलं जातं आणि शौचाला कुंथण्यानं पोटावर नको तेवढा ताण येतो. म्हणून पाणी, भाजी, ताक आणि लागलं तर इसबगोल घ्यावं. विडी-सिगारेट बंद करावी, कारण तिनं खोकला राहतो आणि जखम भरायला वेळ लागतो. जांघ किंवा अंडकोष काही दिवस काळेनिळे आणि सुजलेले दिसतात. तसं होईल हे आधी कुणी सांगितलेलं नसतं, म्हणून माणूस घाबरतो. अंगासरशी बसणाऱ्या चड्डीनं सूज आणि ओढ कमी वाटते, एवढाच तिचा उपयोग. लंगोटानं किंवा पट्ट्यानं हर्निया बरा होत नाही आणि टळतही नाही. मोटारसायकल केव्हा चालवायची? अचानक ब्रेक दाबताना दुखणार नाही, तेव्हा. पतिपत्नींच्या संबंधांबद्दल तर कुणी विचारतच नाही. त्याचंही उत्तर तेच आहे : दुखेनासं झालं की हरकत नाही. ताप आला, जखमेतून पू आला, सूज वाढत चालली, लघवी अडली किंवा उलट्या थांबेनात, तर मात्र तारखेची वाट न पाहता दवाखाना गाठावा. दुखणं तीन महिन्यांनंतरही राहिलं तर ते अंगावर न काढता डॉक्टरांना दाखवावं.

एवढं सगळं एका कागदावर मावतं. तो कागद कामाप्रमाणे असावा. खुर्चीतल्या माणसाला एक, गवंड्याला दुसरा, धार काढणाऱ्याला तिसरा. त्यात तारीख आणि किलो लिहिलेले असावेत.

शरीराचा हा असा पायरीपायरीचा विचार आमच्या गावाला परका नाही. 1909 साली औंधच्या गादीवर आलेले भवानराव पंतप्रतिनिधी आधी सँडो या पाश्चात्त्य व्यायामपटूच्या डंबेल्सच्या पद्धतीनं व्यायाम करत. नंतर ते सूर्यनमस्काराकडे वळले आणि 72 गावांच्या या छोट्या संस्थानातल्या शाळांमधून त्यांनी तो सक्तीचा केला. 1938 मध्ये 'द टेन-पॉइंट वे टू हेल्थ' हे त्यांचं पुस्तक लंडनला निघालं. या व्यायामाला ना साधन लागे, ना पैसा. राजवाड्यात राणीसाहेबांसह सगळं कुटुंब नमस्कार घालत असे. व्यायामाचं ज्ञान तालमीच्या दारात न ठेवता शेतकऱ्याच्या पोरापर्यंत रीतसर पोचवणं, हे राजेसाहेबांचं मोठं काम. कुणी, किती आणि कसं, हे ठरवून सांगण्याची ती शिस्त होती. मी नोकरीभर तीच मुलांना शिकवली.

ऑपरेशननंतरही ती मला उपयोगी पडली. डॉक्टरांना पुन्हा भेटून मी प्रत्येक हालचाल विचारून घेतली. आधी घरातल्या घरात, मग राजवाड्यापर्यंत चालणं. मग मूळपीठाच्या डोंगराच्या खालच्या पायऱ्या, कठडा धरून, दम न लागू देता. नमस्कारात आधी फक्त हात वर घेणं, पुढे गुडघे सैल ठेवून वाकणं. पोटाला आणि जांघेला ताण देणारी भुजंगासनाची अवस्था सगळ्यात शेवटी. दुखलं की त्या दिवशी तिथंच थांबायचं. डोंगरावरच्या यमाई देवीच्या दर्शनाला वरपर्यंत चढून गेलो तेव्हा मला बरं झाल्याची खात्री पटली. आज माझे नमस्कार पूर्ववत आहेत. माझं शरीर इतरांहून वेगळं नाही. मला विचारायला वेळ होता आणि थांबायला पेन्शन होती, एवढाच फरक.

हा फरक बायकांच्या बाबतीत आणखी मोठा आहे. बाळंतपणानंतर बेंबीचा किंवा सिझेरियनच्या जागेचा हर्निया झालेल्या कितीतरी बाया त्याच्यासह वर्षानुवर्षं काम करतात. ऑपरेशन झालंच तर चौथ्या दिवशी चुलीपुढे असतात. पाण्याची घागर, वैरणीचा भारा, ओली गोधडी पिळणं, यांना घरात कुणी जड वजन धरत नाही. बाईला विश्रांती सांगायची तर ती तिच्या एकटीला सांगून भागत नाही. नवऱ्याला आणि सासूला समोर बसवून सांगावी लागते.

आणि विश्रांतीला पैसा लागतो. कर्मचारी राज्य विमा योजनेखाली असलेल्या कारखान्यातल्या कामगाराला आजारपणात वर्षातून 91 दिवसांपर्यंत 70 टक्के पगार मिळतो. शेतमजुराला, ऊसतोड्याला, गवंड्याच्या हाताखालच्या बाईला यातलं काही नाही. याच सातारा जिल्ह्यातल्या अण्णासाहेब पाटलांनी मुंबईच्या बाजारातल्या ओझं वाहणाऱ्यांना संघटित केलं आणि 1969 मध्ये महाराष्ट्रानं माथाडी कायदा केला. ओझं वाहणाऱ्या माणसालाही हक्क असतात, हे देशाला या मातीनं शिकवलं. मग ऑपरेशन झालेल्या हमालाला महिनाभर तोलाईचं, मोजणीचं, शिलाईचं हलकं काम देणं आमच्या बाजार समित्यांना अशक्य का वाटावं? ऊसतोडीच्या टोळीत मुकादमानं अशा माणसाला मोळी वाहण्याऐवजी नुसतं बांधायला ठेवलं, तर कुणाचं फारसं काही बुडत नाही. थोड्या आठवड्यांची ही सोय परत ऑपरेशन करण्यापेक्षा सगळ्यांनाच स्वस्त पडते.

म्हणून माझं मागणं आहे. जिल्हा शल्यचिकित्सकांनी आणि खासगी डॉक्टरांच्या संघटनांनी हर्नियाच्या रुग्णासाठी मराठीतला एक कागद तयार करावा आणि घरी सोडताना तो वाचून दाखवणं बंधनकारक करावं. आशाताईंकडे त्याची प्रत असावी, म्हणजे आठवड्यानं त्या घरी जाऊन विचारू शकतील. बाजार समित्यांनी आणि कारखान्यांनी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर हलकं काम देण्याचा ठराव करावा. यातल्या कशालाच मोठा निधी लागत नाही.

आणि ज्यांचं ऑपरेशन ठरलं आहे त्यांना एवढंच सांगतो : दवाखाना सोडण्याआधी डॉक्टरांना आपलं काम नीट समजावून सांगा. किती किलो, कोणत्या तारखेपासून आणि काय झालं तर परत यायचं, हे मराठीत लिहून घ्या. संकोच करू नका. तो तुमचा हक्क आहे.