आधी खतावणी, मग विश्लेषण

अलीकडे वसईच्या धर्मग्रामांतून, पदवीधर मुलामुलींच्या पालकांच्या तोंडी एक लांबलचक नाव वारंवार ऐकू येऊ लागले आहे : अकाउंटिंग आणि डेटा ॲनॅलिटिक्समधील पदव्युत्तर शिक्षण. कुणाचा मुलगा त्यासाठी इंग्लंडला निघाला आहे, कुणाची मुलगी आयर्लंडला. कुणाचे मन मुंबईतल्याच एखाद्या संस्थेवर बसले आहे. नाव उच्चारण्याची तऱ्हा मात्र सगळ्यांची एकच. 'अकाउंटिंग' हा शब्द हळू म्हणावयाचा आणि 'डेटा' हा शब्द मोठ्याने. हिशेब लिहिणे म्हणजे कारकुनी, आणि डेटा म्हणजे परदेश, प्रतिष्ठा व जाडजूड पगार, अशी काहीशी समजूत या सुरामागे आहे. आम्हाला आज या सुराविरुद्धच लिहावयाचे आहे.

प्रारंभीच स्पष्ट करतो की, आमचा विरोध संगणकाला नाही. या विषयात खरोखरीच मोठे सामर्थ्य आहे आणि ते काय आहे हे पालकांनी समजून घ्यावे, अशी आमची इच्छा आहे. पूर्वी लेखापरीक्षक एखाद्या पेढीत आला की हजारो पावत्यांमधून काही मोजक्या काढून पाहत असे. भाताच्या शितावरून भाताची परीक्षा, असा तो न्याय. सगळी कीर्द वाचणे माणसाच्या आवाक्यातलेच नव्हते. आता वर्षभराच्या लाखो नोंदी काही मिनिटांत चाळता येतात. पन्नास हजारांवरील खर्चास वरिष्ठांची सही लागत असेल, तर साडेएकोणपन्नास हजारांची बिले किती आणि ती कुणाच्या हातची. रविवारी रात्री कुणी नोंदी केल्या. एकाच बिलाचे पैसे दोनदा गेले काय. माल पुरवणाऱ्याचा बँक खाते क्रमांक आणि एखाद्या नोकराचा खाते क्रमांक एकच तर नाही ना, हे सारे यंत्र शोधून देते. आणखी एक गंमत सांगण्याजोगी आहे. निसर्गतः जमलेल्या पुष्कळशा आकडेवारीत १ ने सुरू होणाऱ्या संख्या सुमारे ३० टक्के असतात, तर ९ ने सुरू होणाऱ्या पाच टक्क्यांहूनही कमी. सायमन न्यूकम या शास्त्रज्ञाने ही गोष्ट १८८१ साली टिपली, आणि १९३८ साली फ्रँक बेनफर्ड यांनी ती विस्ताराने मांडली. मनातून आकडे रचणाऱ्या लबाडाला हे प्रमाण सहसा साधत नाही.

आपल्या देशाचा कायदाही याच दिशेने निघाला आहे. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या संगणक-प्रणालीत प्रत्येक फेरफाराची नोंद आपोआप राहिली पाहिजे आणि ती बंद करता येता कामा नये, असे बंधन आले. पूर्वीच्या वहीत खाडाखोड दिसे. मधल्या काळात संगणकाने ती अदृश्य केली होती. ती पुन्हा दिसू लागावी, असा हा प्रयत्न. ती वाचणारी शिकलेली माणसे हवीत, यात शंका नाही.

तेव्हा वाद विषयाशी नाही. हा विषय ज्या रीतीने विकला जातो, त्या रीतीशी आहे. शैक्षणिक मेळाव्यांतून दलाल सांगतात की, हिशेबाचे ज्ञान जुजबी असले तरी चालेल, नावे आणि जमा यंत्रच पाहील, तुम्ही फक्त साधने शिका. सहा-आठ संगणक-प्रणालींची नावे ते धडाधड म्हणून दाखवतात. ऐकणाऱ्याला ती नावे मंत्रासारखी वाटतात. आमचे म्हणणे असे की, हे उफराटे आहे. प्रणाली चार वर्षांत बदलते. कर्ज म्हणजे काय, उत्पन्न केव्हा उत्पन्न ठरते, एखादी मालमत्ता खरोखरी अस्तित्वात आहे हे कशावरून म्हणावयाचे, हे प्रश्न बदलत नाहीत. ज्याला ते विचारता येत नाहीत, त्याच्या हातात यंत्र म्हणजे आंधळ्याच्या हातातील आरसा.

हे आम्ही हवेत बोलत नाही. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेचे उदाहरण आपल्या दाराशीच घडले. २३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने तिच्यावर निर्बंध घातले आणि ठेवीदारांना सहा महिन्यांत केवळ एक हजार रुपये काढता येतील असे सांगितले. एक हजार! ज्यांच्या औषधोपचाराचे, मुलीच्या लग्नाचे, निवृत्तीचे पैसे तेथे होते, त्यांची अवस्था ज्यांनी पाहिली त्यांना ती सांगावी लागत नाही. तपासात असे पुढे आले की, एका बांधकाम-उद्योगसमूहाची ४४ थकलेली कर्जखाती झाकण्यासाठी २१,०४९ बनावट खाती दाखवण्यात आली होती. बँक २०२२ च्या जानेवारीत दुसऱ्या बँकेत विलीन झाली आणि पाच लाखांवरील ठेवी हप्त्याहप्त्याने, दहा वर्षांपर्यंतच्या मुदतीत परत करण्याची योजना आली. सत्तरीच्या वृद्धाला दहा वर्षे!

आता आमच्या विश्लेषक तरुणाने विचार करावा. ही २१,०४९ खात्यांची यादी त्याच्या संगणकात घातली असती, तर सुंदर आलेख निघाले असते. सरासरी कर्ज किती, शाखावार वाटणी कशी, जोखीम कशी पसरलेली. सगळे गणित अचूक आणि सगळे खोटे. कारण यादीच खोटी. ज्याने खतावणी घासून शिकली आहे, तो आधी विचारील : या कर्जदारांपैकी दहा जण मला भेटवा. त्यांचे तारण कोठे आहे? हप्ता कोणत्या खात्यातून येतो? हा प्रश्न यंत्राला आपण होऊन सुचत नाही. तो ज्याला सुचतो, त्याच्या हाती यंत्र दिले तर दहाऐवजी एकवीस हजारही तपासून होतील. क्रम हा असा आहे.

सत्यमची गोष्ट तर याहून सोपी. ७ जानेवारी २००९ रोजी त्या कंपनीच्या अध्यक्षांनी स्वतःच पत्र लिहून कबूल केले की, पुस्तकांत दाखवलेल्या ५,३६१ कोटी रुपयांच्या रोख व बँकशिलकेपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नाहीत. हे शोधण्यास कोणतेही प्रगत शास्त्र लागत नव्हते. बँकेला स्वतः थेट पत्र पाठवावे आणि उत्तर कंपनीच्या हातून नव्हे तर टपालाने आपल्याकडे मागवावे, हा लेखापरीक्षणाच्या पहिल्या इयत्तेतला धडा. जर्मनीच्या वायरकार्ड कंपनीत २०२० साली १.९ अब्ज युरो असेच नाहीसे झाले. म्हणजे मुळात नव्हतेच. तेथे काय संगणक कमी होते?

परंतु या सर्वांहून आम्हाला अस्वस्थ करणारे प्रकरण निराळे आहे, आणि इंग्लंडला शिकावयास जाणाऱ्या आमच्या मुलामुलींनी ते विमानात बसण्यापूर्वी माहीत करून घ्यावे. तेथील टपाल खात्याने १९९९ पासून आपल्या शाखांत होरायझन नावाची संगणकीय हिशेब-प्रणाली बसवली. खेड्यापाड्यांतील छोटी टपाल कार्यालये चालवणारे बहुधा दुकानदार. त्यांत आपल्या देशातून तेथे गेलेली कुटुंबेही पुष्कळ. संध्याकाळी हिशेब मिटवताना संगणक सांगे, इतक्या पौंडांची तूट आहे. पेटीत पैसे मोजून ठेवणारा दुकानदार चक्रावून जाई. करारानुसार तूट त्याने भरावयाची. लोकांनी घर गहाण टाकले, नातेवाइकांकडून उसने घेतले आणि तूट भरली. पुढच्या महिन्यात पुन्हा तूट. मदतीसाठी दूरध्वनी केला तर अनेकांना सांगण्यात आले की, असा त्रास फक्त तुम्हालाच होत आहे. मग खटले झाले. नऊशेहून अधिक निरपराध माणसे चोरी, अफरातफर, खोटे हिशेब या गुन्ह्यांखाली दोषी ठरली. २०१० साली भारतीय वंशाच्या एका गर्भवती स्त्रीला तुरुंगात धाडले गेले. संगणक नीट चालत होता असे गृहीत धरावयाचे, हा तेथील न्यायालयांचा प्रघात. तो बिघडला होता हे सिद्ध करण्याचा भार त्या बिचाऱ्या दुकानदारावर.

या अंधारात जे थोडे उजेडाचे काम झाले, त्यात दोन हिशेब-तपासनिसांचा मोठा वाटा आहे. सेकंड साइट या त्यांच्या छोट्या संस्थेला टपाल खात्यानेच २०१२ साली नेमले होते. त्यांनी माणसांचे म्हणणे ऐकले, नोंदी मागितल्या, आणि २०१३ साली प्रणालीतील दोषांकडे बोट दाखवले. २०१५ साली त्यांची नेमणूक संपवण्यात आली! पुढे २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने प्रणाली सदोष असल्याचे मान्य केले, आणि २०२४ च्या मे महिन्यात संसदेला कायदा करून शेकडो शिक्षा रद्द कराव्या लागल्या. चौकशी आयोगाने २०२५ च्या जुलैत सांगितले की, या छळापायी किमान तेरा जणांनी आपले जीवन संपवले असावे.

येथे डेटा होता, तोही विपुल. नव्हता तो त्या डेटाला 'तू खरे बोलतोस कशावरून?' असे विचारणारा आणि त्यापायी नोकरी गेली तरी चालेल म्हणणारा माणूस. पदव्युत्तर शिक्षणाने असा माणूस घडवावयाचा असतो. केवळ रंगीत आलेख काढणारा हवा असेल, तर त्यासाठी वाडीचा तुकडा गहाण टाकण्याची आवश्यकता नाही. ते काम घरबसल्या शिकता येते.

कुणी म्हणतील, फादर, तुम्ही मिस्सा सांगा, हिशेबात कशाला पडता? त्यांना आठवण द्यावीशी वाटते की, दुहेरी नोंदीची पद्धत ज्या छापील ग्रंथाने जगभर पोहोचवली, तो १४९४ साली व्हेनिसमध्ये लिहून प्रसिद्ध करणारे लुका पाचोली हे फ्रान्सिस्कन संन्यासी होते. आणि आपल्याच वसईत १९१८ साली मोन्सिन्योर पी. जे. मोनीस यांनी कॅथॉलिक बँकेची मुहूर्तमेढ रोवली, तीही धर्मगुरूचा झगा घालूनच. असो.

पालकांना आमचे सांगणे रोखठोक आहे. पैसे भरण्याआधी अभ्यासक्रमाचा कागद हातात घ्या. त्यात लेखापरीक्षण, कंपनी कायदा, करआकारणी, व्यावसायिक नीती हे विषय खरोखरी शिकवले जातात, की एकाच कागदात गुंडाळून टाकले आहेत? मुलाला वर्षभरात एखाद्या खऱ्या संस्थेच्या खऱ्या वह्या हाताळावयास मिळतात काय? आणखी एक गोष्ट दलाल मुळीच सांगत नाहीत : परदेशातील ही पदवी कितीही मोठी असो, तिच्या जोरावर भारतातील कंपनीच्या लेखापरीक्षण अहवालावर सही करता येत नाही. तो अधिकार सनदी लेखापालांचाच. तसेच, शिक्षणानंतर इंग्लंडात राहून काम शोधण्यासाठी असलेली दोन वर्षांची मुदत अठरा महिन्यांवर आणण्याचे तेथील सरकारने २०२५ साली जाहीर केले. 'कर्ज काय, तिकडे दोन वर्षांत फिटेल' हे गणित ज्यांनी मांडले आहे, त्यांनी ते फिरून मांडावे. हिशेबाच्याच शिक्षणासाठी घेतलेल्या कर्जाचा हिशेब घरात कुणी करू नये, हा विनोद आम्हाला तरी हसवत नाही.

इकडेच राहून सनदी लेखापालाची परीक्षा देत असलेल्या मुलीला 'अजून पास नाही झाली का?' असे विचारून खजील करणारे आणि वर्षभराच्या परदेशी पदवीची पार्टी देणारे आपलेच लोक आहेत. त्या परीक्षा कठीण असतात, अनेकदा द्याव्या लागतात, आणि त्यामागे दोन वर्षांची प्रत्यक्ष उमेदवारी असते. तेथे पाया पक्का होतो. विश्लेषणाची साधने त्या पायावर नंतर खुशाल चढवावीत. त्यासाठी परदेशी जावयाचे तर आनंदाने जावे.

घरच्याही हिशेबाकडे वळू. १९८३ च्या धर्मसंहितेचे ५३७ वे कलम प्रत्येक धर्मग्रामात आर्थिक मंडळ असावे असे सांगते. १२८४ वे कलम जमाखर्चाच्या वह्या नीट ठेवण्यास, तर १२८७ वे कलम भाविकांनी दिलेल्या दानाचा हिशेब भाविकांपुढे मांडण्यास सांगते. पोप फ्रान्सिस यांनी २०१४ साली खुद्द व्हॅटिकनमध्ये स्वतंत्र महालेखापरीक्षकाचे पद निर्माण केले. मग आपल्या धर्मग्रामाच्या मंडळावर केवळ देणगीदार वडीलधारी मंडळीच का असावीत? हे शास्त्र शिकलेला तरुण किंवा तरुणी तेथे का नसावी? प्रश्न विचारण्याचा सराव पहिल्याप्रथम आपल्याच धर्मगुरूंवर करावा. पुढे बँकेच्या अध्यक्षांपुढे जीभ अडखळणार नाही.

आमच्या धर्मग्रामापुरते सांगतो. गेल्या सणाच्या खर्चाच्या पावत्या, दानपेट्यांची मोजणी-वही आणि दफनभूमीच्या भिंतीचे बिल कार्यालयातील लोखंडी कपाटात आहे. रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर कपाट उघडे असते.