कोपऱ्यावरचे चायनीज आणि घरातले आजोबा

नातवंडाच्या वाढदिवसाला सारे घर कोपऱ्यावरच्या चायनीज हॉटेलात जाते आणि आजोबांसाठी मऊ वरणभात झाकून ठेवला जातो. हे काळजीपोटीच घडते. परंतु एकट्याने जेवताना वृद्धांचे दोन घास कमीच जातात, हे शुश्रूषा करणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. थोडी दक्षता घेतली तर बहुतेक आजी-आजोबांना सोबत नेता येते.

हे जेवण तसे परके नाहीच. चिकन मंचुरियन मुंबईतच, १९७५च्या सुमारास नेल्सन वाँग यांनी प्रथम केले असे सांगतात. आले, लसूण, हिरवी मिरची आपलीच. गरम मसाल्याच्या जागी सोया सॉस आला, एवढेच.

आणि लक्ष ठेवायचे ते या सॉसवरच. लोक दोष देतात अजिनोमोटोला. वास्तविक त्यातील सोडियम त्याच वजनाच्या मिठाच्या सुमारे एक तृतीयांश असते. सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात मात्र सुमारे ९०० मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे जवळजवळ सव्वादोन ग्रॅम मीठ उतरते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसभराची मर्यादा सांगितली आहे ती ५ ग्रॅमपेक्षा कमी मिठाची! सूप, मंचुरियन आणि फ्राइड राइस या तिन्हींत हा सॉस पडला की हिशेब सहज ओलांडला जातो. हृदय दुर्बल झालेल्या रुग्णाच्या पायांवर मग सूज चढू शकते, दमही लागू शकतो. म्हणून तिन्हींपैकी एकच पदार्थ घ्यावा, सोबत साधा भात मागवावा आणि ‘सॉस निम्मा, वरून मीठ नको’ असे आचाऱ्याला आधीच कळवावे. टेबलावरची सोया सॉसची बाटली दूर सरकवावी. मिरचीच्या व्हिनेगरचे चार थेंब चालतील. आम्लपित्त असेल तर तेही नकोत.

नूडल्सबाबत मात्र अधिक सावध राहावे लागते. पक्षाघात किंवा पार्किन्सन्समुळे गिळणे मंदावलेल्यांना लांब, निसरड्या नूडल्स घशाशी अडकू शकतात. पातळ रस आणि त्यात तरंगणारे तुकडे असे सूपही त्यांना अवघड जाते. ज्यांना गिळण्यासाठी विशिष्ट आहार सांगितला आहे, त्यांनी तो येथेही मोडू नये. इतरांसाठी नूडल्स चमच्यात मावतील एवढ्या कापून घ्याव्यात. घास तोंडात असताना प्रश्न विचारू नयेत. गिळल्यावर खोकला आला किंवा आवाज ओलसर, घोगरा झाला तर जेवण तिथेच थांबवावे.

मधुमेहींनी जेवणाआधीचे जलद इन्सुलिन घरूनच टोचून निघू नये. रविवारी ताट यायला पाऊण तासही लागतो आणि तेवढ्यात साखर उतरू शकते. डॉक्टरांनी ठरवलेली मात्रा अन्न समोर आल्यावरच घ्यावी.

शक्यतो सातच्या आत, गर्दी होण्यापूर्वी जावे. मेनूकार्ड आधी आजोबांच्या हाती द्यावे, चष्म्यासकट.