शिक्का आणि कुलूप

आपल्यापैकी ज्यांच्या घरी जुने मोडी कागद आहेत, त्यांनी एखादा लांबलचक कागद उलटून पाहावा. दोन बंद जिथे चिकटवले, त्या जोडावर पुष्कळदा शिक्का आढळतो. अर्धा वरच्या बंदावर, अर्धा खालच्या. मधला बंद कोणी बदलला तर शिक्का जुळणार नाही. अखेरीस ‘मोर्तब सुद’, म्हणजे याखाली कोणी ओळ घुसडू नये. सध्या गाजावाजा असलेली ‘ब्लॉकचेन’ ही तत्त्वतः हीच युक्ती होय. प्रत्येक नोंदीत आधीच्या नोंदीचा ठसा असतो आणि त्या वहीच्या प्रती अनेक ठिकाणी असतात.

मग क्लाउडवरील, म्हणजे परक्याच्या संगणकांवरील, आपली खासगी माहिती यामुळे सुरक्षित होईल काय? एकट्या शिक्क्याने नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. शिक्का फेरफार उघड करतो, वाचणाऱ्याला अडवत नाही. त्यासाठी एन्क्रिप्शनचे कुलूप हवे, आणि किल्ली कोणाकडे हा प्रश्न उरतोच. आजाराचा अहवाल जसाच्या तसा साखळीत घालणे तर शुद्ध वेडेपणा! साखळीतले पुसता येत नाही, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात माहिती पुसून घेण्याचा हक्क नमूद आहे.

एस्टोनिया या जेमतेम १३ लाख वस्तीच्या देशावर २००७ मध्ये मोठा सायबर हल्ला झाला. पुढे तेथे आरोग्याच्या नोंदींना हे शिक्कामोर्तब आले, पण नोंदी सर्व्हरवरच राहिल्या. साखळीत जातो तो त्यांचा केवळ गणिती ठसा. शिवाय आपली नोंद कोणी उघडली हे तेथील रुग्णाला स्वतः पाहता येते.

आपल्याकडे २०२१ पासून आयुष्मान भारत डिजिटल मिशनखाली १४ अंकी आभा क्रमांक दिले जात आहेत. २०२२ च्या नोव्हेंबरात दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर हल्ल्यामुळे बंद पडून कित्येक दिवस कागदावर कारभार चालला, हे विसरू नये. एका शिबिरात आमच्याच काही ज्येष्ठ सभासदांनी संमती दिली. कशाला, ते त्यांना सांगता आले नाही. तेव्हा मते मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला आपण विचारावे : माझी नोंद कोणी पाहिली याची वही मला दाखवणार काय, आणि त्या वहीवर शिक्का कोणाचा?

हे विचारताना आपलेही घर झाडावे लागेल. आमच्या मंडळाची वधू-वर यादी, पत्रिका व पगाराच्या आकड्यांसह, आजही एका कार्यकर्त्याच्या ई-मेलमध्ये पडून आहे. पासवर्ड तिघांना ठाऊक आहे. येत्या कार्यकारिणीच्या बैठकीत हा विषय आम्ही पहिलाच घेणार आहोत.