शाल-श्रीफळ पुरे, नाईटचा दर ठरवा!

मंडळींनो, जरा स्पष्टच लिहितोय.

कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की आपल्याला दशावतार हवा. पण पखवाजवाले, पेटीवाले, झांजवाले यातले कित्येकजण कुठल्याच कंपनीचे कायमचे नाहीत. आज नाटक, उद्या डबलबारी. अवकाळी पावसाने नाईट रद्द झाली की हातात शून्य. पहाटे परतताना बाईक घसरली तर विचारणार कोण?

संघटना काढा म्हटलं की उत्तर ठरलेलं, ‘वर्गणी कोण देतलो?’ अहो, आधी काहीतरी द्या, मग मागा! प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला 20 रुपयांत 2 लाखांचा अपघात विमा आहे. वय 18 ते 70 आणि बँक खातं, एवढंच लागतं. तो फॉर्म जत्रेत, रंगमंचामागे जाऊन भरून घ्या. सुपारी व्हॉट्सॲपवर लेखी, निम्मे पैसे आगाऊ, नाईट रद्द झाल्यास किती मिळणार, हे ठरवा. आजारपणात बदली वादकांची यादी ठेवा. पोरं आपणहून येतील.

मुंबईत ‘सिने म्युझिशियन्स असोसिएशन’ उभी राहिली ती अशाच, आज या स्टुडिओत तर उद्या त्या स्टुडिओत वाजवणाऱ्यांची.

एक अट मात्र हवी. कंपनीमालक कमिटीवर नको. त्यांच्याशी वैर नाही, पण देणाराच अध्यक्ष झाला तर दर मागणार कोण?

कामगार संघटनेच्या नोंदणीअर्जाला सुरुवातीला सात सह्या लागतात. तोंडवली ते आचरा सात वादक मिळणार नाहीत? बोला!